सोलापुरात काऊबॉय धाटणीचे कोरीव पट्टे आणि चामड्याच्या खुर्च्या करायच्या आहेत. कातडे, उन्हाळा आणि हिशेब यांविषयी मार्गदर्शन हवे

विजापूर वेस :

नमस्कार. आमच्या घरात चपलांचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि गेली काही वर्षे मी त्याच्या जोडीला पट्टे, पाकिटे आणि खांद्याच्या पिशव्या तयार करतो. रापी, आरी, मेण लावलेल्या दोऱ्याची शिवण ही कामे अंगवळणी पडलेली आहेत. अलीकडे अकलूजजवळ घोडे पाळणाऱ्या एका गृहस्थांनी आपल्या शेतघरासाठी मोठे काम सांगितले आहे. त्यांना अमेरिकेतील काऊबॉय पद्धतीचे, पानाफुलांची कोरीव नक्षी असलेले रुंद पट्टे हवे आहेत आणि दिवाणखान्यासाठी चार खुर्च्या हव्या आहेत, ज्यांच्या पाठीवर तशीच नक्षी आणि कडेने पितळी खिळ्यांची ओळ असेल. काम मनापासून आवडले आहे आणि ते नीटच व्हावे अशी इच्छा आहे, म्हणून जाणकारांना विचारतो.

बाजारातून आणलेल्या मऊ कातड्यावर ठसा उठवला की काही वेळात तो बुजतो. चपलांसाठी येणाऱ्या कातड्यावर ठसा टिकतो, परंतु बारीक पाकळीची कड फाटल्यासारखी दिसते. शिवाय सध्याच्या उन्हात ओलावलेले कातडे पंख्याखाली पाहता पाहता वाळते आणि नक्षी अर्ध्यावर राहते. खुर्चीचे काम मी पूर्वी केलेले नाही. कोरलेले कातडे फोमवर ताणून बसवतात की आणखी काही रीत आहे, हेही समजून घ्यायचे आहे. अशा कामाचा दर कसा सांगावा, यावर कोणी लिहिले तर आभारी राहीन.

ठसेकाम :

आपल्या पहिल्या दोन्ही अडचणींचे मूळ कातड्याच्या कमावणीत आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. ठसा बुजतो ते कातडे क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले आहे. त्याचे तंतू लवचीक राहतात आणि दाबले तरी पूर्वस्थितीला येतात. जॅकेटला किंवा सोफ्याला हाच गुण हवा असतो, पण कोरीव कामाला तो मारक ठरतो. नक्षीसाठी झाडांच्या साली आणि फळे वापरून कमावलेले, व्यापारी ज्याला ‘व्हेज टॅन’ म्हणतात तेच कातडे लागते, कारण ते पाणी शोषून घेते, ओले असताना सहज दबते आणि वाळल्यावर दाबलेला आकार धरून ठेवते. कातडे घेताना ‘वर रंगाचा किंवा प्लास्टिकचा थर नसलेले’ असे स्पष्ट सांगावे. थर असेल तर व्हेज टॅनसुद्धा पाणी पीत नाही.

दुकानदाराच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा स्वतः परीक्षा करणे बरे. कापलेली कड पाहिली तर क्रोमच्या कातड्यात बहुतेक वेळा मधोमध निळसर-करडी रेघ दिसते, तर व्हेज टॅन आरपार एकाच तपकिरी किंवा फिकट बदामी रंगाचे असते. रंगवलेल्या कातड्यात ही रेघ झाकली जाते. अशा वेळी एक कातरण जाळून पाहावी, क्रोम असेल तर राख हिरवट होते. याहून खात्रीची परीक्षा म्हणजे लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये काही दिवस भिजत ठेवून त्या पाण्याचा एक थेंब कातड्यावर सोडणे. व्हेज टॅनमधील टॅनिनचा लोखंडाशी संयोग होऊन तेथे लगेच काळा डाग पडतो. याच कारणाने ओल्या कातड्याजवळ लोखंडी खिळा, पत्र्याचा डबा किंवा गंजलेली पट्टी कधीही ठेवू नये, कारण पडलेला डाग सहसा निघत नाही.

आता चपलांच्या कातड्याविषयी. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले म्हशीचे कातडे हे व्हेज टॅनच आहे, त्यामुळे त्यावर ठसा टिकतो हे आपले निरीक्षण अचूक आहे. मात्र म्हशीच्या कातड्याचा पोत ठळक आणि तंतू भरड असल्यामुळे पाकळीची नाजूक कड त्यावर स्वच्छ उमटत नाही. टोपलीच्या विणीचा ठसा, दोरीची किनार किंवा मोठी भौमितिक नक्षी यांना तेच कातडे उत्तम आहे आणि पट्ट्याला लागणारी मजबुती त्यात भरपूर असते, म्हणून ते बाजूला टाकू नये. पानाफुलांसाठी गोवंशाचे कातडे लागेल. राज्यात गाईच्या कत्तलीला आधीपासून आणि बैल व वळू यांच्या कत्तलीला २०१५ पासून बंदी असल्याने असे कातडे बाहेरून आणणे ओघाने येते आणि प्रत्येक खरेदीची पावती जपून ठेवणे शहाणपणाचे ठरते. तमिळनाडूत साल-हिरड्याच्या कमावणीची मोठी परंपरा आहे, तेथील ‘ईस्ट इंडिया’ कातड्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे, आणि मुंबई-चेन्नई लोहमार्ग आपल्या गावातूनच जात असल्यामुळे स्वतः जाऊन, हात लावून कातडे निवडणे आपल्याला अवघड नाही. खोगीर आणि लगाम यांचे जाड कातडे कानपूरला मिळते. कोरीव पट्ट्यासाठी ३.५ ते ४ मिलिमीटर जाडी घ्यावी आणि पट्टा नेहमी पाठीच्या कण्याला समांतर कापावा. पोटाकडचे कातडे ताणले जाते आणि काही महिन्यांत पट्टा वाकडा दिसू लागतो.

उन्हाळ्याविषयी माझे मत असे की आपण कातडे ओले करतो, ते मुरू देत नाही. स्पंजने वरवर पाणी फिरवल्यास ओल पृष्ठभागापुरतीच राहते आणि ४० अंशांच्या पुढच्या कोरड्या हवेत ती टिकत नाही. संध्याकाळी कातडे दोन्ही बाजूंनी सारखे ओलवावे, प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून रात्रभर ठेवावे आणि पहाटे काढावे. पिशवीतून निघाल्यावर ते गडद दिसते. त्या वेळी कोरू नये. वरचा रंग जवळजवळ मूळ छटेला येतो, पण तळहाताची मागची बाजू टेकवली असता आत गारवा जाणवतो, हाच कोरण्याचा क्षण. योग्य ओल असेल तर ठसा मारलेल्या जागी कातडे गडद तपकिरी होते आणि ती छटा वाळल्यावरही राहते. नक्षीला उठाव येतो तो बराचसा यातूनच. ओल जास्त असेल तर ठसा खोल जातो पण रंग धरत नाही. पंखा बंद ठेवावा, ज्या भागावर काम चालू नाही तो प्लास्टिकने झाकावा आणि मध्येच ओल कमी पडली तर मागच्या बाजूने स्पंज फिरवावा. मागच्या बाजूला पॅकिंगची रुंद चिकटपट्टी लावल्यास ठोकताना कातडे पसरत नाही, पण मग पाणी वरूनच द्यावे लागेल. म्हणून जाड पट्ट्याला ती लावू नये, पाकिटाच्या पातळ कातड्याला लावावी.

ठोकण्यासाठी खाली ग्रॅनाइटचा जाड तुकडा ठेवावा. ओट्याचे काम करणाऱ्यांकडे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. शहाबादी फरशीचे पापुद्रे सुटतात, तिच्यावर हे काम नको. हातोडी लोखंडी नको, लाकडी किंवा नायलॉनची मोगरी हवी, नाहीतर ठशांची डोकी पसरून खराब होतात. फिरत्या पात्याचा जो कोरणीचा चाकू असतो, त्याचा काप कातड्याच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश खोल जावा आणि दोन काप एकमेकांना कधीही छेदू नयेत. देठाची रेघ पाकळीपाशी येताच हात हलका करून ती निमुळती करत सोडून द्यावी. पाते दर काही मिनिटांनी पॉलिश लावलेल्या चामड्याच्या पट्टीवर घासत राहावे. कापल्यानंतर कडेची एक बाजू उतरत्या तोंडाच्या ठशाने दाबत नेतात, त्याला बेव्हलर म्हणतात, आणि तो उचलून न मारता कडेवरून सरकवत सरकवत मारायचा असतो, म्हणजे वळणावर पायऱ्या दिसत नाहीत. त्यानंतर पाकळीतील खोलगट छाया, शिरा, बिया, पार्श्वभूमीचे बारीक दाणे, आणि सगळ्यात शेवटी चाकूचे सजावटीचे मोकळे काप. हे शेवटचे काप कारागिराचा हात ओळखू देतात. ते साध्या कातरणींवर गिरवत राहावेत.

आपल्या ग्राहकाने दाखवलेली नक्षी बहुधा शेरिडन शैलीची असावी. वायोमिंग राज्यातील शेरिडन गावात डॉन किंग या खोगीर बनवणाऱ्या कारागिराने विसाव्या शतकात ती नावारूपाला आणली आणि १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने त्यांना वारसा कलावंत म्हणून गौरवले. लहान रानगुलाब, त्यांना वेढणारी गोल फिरती वेल आणि एका वर्तुळातून दुसऱ्यात वाहत जाणारे देठ ही तिची ओळख आहे. नक्षी काढताना आधी कंपासने वर्तुळे आखून घ्यावीत आणि फूल त्यांच्यात बसवावे. फूल आधी काढून वेल नंतर जोडली तर ती खुंटल्यासारखी दिसते.

सागवान आणि बाभूळ :

माझा व्यवसाय खुर्च्या आणि सोफ्यांचा आहे, म्हणून तेवढ्याच भागाचे उत्तर देतो. कोरलेले कातडे फोमवर ताणून बसवू नये. ताणले की उठाव सपाट होतो आणि माणूस बसता-उठता पाकळ्यांच्या कापांवरून चिरा पडू लागतात. कोरीव भाग पाठीची बाहेरची बाजू, हातांची समोरची टोके किंवा पाठीचा वरचा पट्टा अशा, ज्यांवर भार येत नाही तेथेच ठेवावेत. २ ते २.५ मिलिमीटरचे कातडे कोरून, पूर्ण वाळवून, तेल आणि रंग देऊन झाल्यावर प्लायवूडच्या फळीवर चिकटवावे. कडेचा दोन बोटे भाग रापीने निम्म्याहून पातळ करून मागे दुमडावा आणि मग ती फळी चौकटीत बसवावी. बैठकीला आणि पाठ टेकते त्या बाजूला सोफ्यासाठी मिळणारे सव्वा मिलिमीटरच्या आसपासचे क्रोमचे मऊ कातडेच घ्यावे. ठसेकाम यांनी ज्या गुणाला मारक म्हटले आहे, तोच गुण बैठकीला हवा असतो. दोन्ही कातड्यांचा रंग जुळवणे अवघड असते, म्हणून जुळवण्याऐवजी बैठक जाणीवपूर्वक गडद ठेवावी, असा माझा सल्ला आहे.

अशा फर्निचरचा उल्लेख होतो तेव्हा थॉमस मोल्सवर्थ यांचे नाव येते. त्यांनी १९३१ मध्ये वायोमिंगमधील कोडी या गावात शोशोनी फर्निचर कंपनी सुरू केली. गाठी आलेली, वेडीवाकडी वाढलेली लाकडे न लपवता चौकटीत दिसू द्यायची, त्यावर रंगीत कातडे, पितळी खिळे आणि न्यू मेक्सिकोतील चिमायो येथील हातमागाचे लोकरी कापड वापरायचे, ही त्यांची रीत होती. आपल्याकडे तशी पाइनची गाठाळ लाकडे मिळत नाहीत, पण बाभूळ मिळते. बैलगाडीच्या कामाला शतकानुशतके वापरलेले ते लाकूड वजनदार आणि चिवट असते आणि त्याच्या गाठी देखण्या दिसतात. फक्त ते पूर्ण वाळलेले घ्यावे आणि बाहेरचा फिकट भाग काढून टाकावा, कारण कीड त्यालाच आधी लागते. सांधे खिळ्यांवर न ठेवता खाच पाडून त्यात कूस बसवून करावेत; सोलापूरच्या उन्हात लाकूड आक्रसते आणि खिळ्यावर तोललेली खुर्ची वर्षभरात करकरू लागते.

खिळ्यांविषयी एक सूचना. बाजारात मिळणारे बरेचसे पितळी खिळे हे लोखंडावर मुलामा दिलेले असतात. खरेदीला जाताना लोहचुंबक बरोबर न्यावा. चिकटले तर घेऊ नयेत, कारण वर सांगितलेला काळा डाग पावसाळ्यात नेमका त्या खिळ्याभोवती पडतो. ओळ सरळ येण्यासाठी कागदाच्या पट्टीवर अंतरे आखून, आरीने टोचा मारून मगच खिळा ठोकावा.

कातड्याच्या अंदाजासाठी कामाला येणारे माप असे की ५४ इंच पन्ह्याच्या एका मीटर कापडाच्या जागी साधारण २० चौरस फूट कातडे धरावे. प्रत्यक्ष क्षेत्रफळ १५ चौरस फुटांच्या आत भरते, उरलेले ओरखडे, गोमाशांची छिद्रे आणि पोटाकडचा सैल भाग टाळण्यात जाते.

माळशिरस तालुका :

मोल्सवर्थ यांच्या खुर्च्यांत हातमागाचे लोकरी कापड होते, हे वाचून एक गोष्ट सुचवावीशी वाटते. आपल्या जिल्ह्यात दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणली जाते. काळ्या-पांढऱ्या-करड्या नैसर्गिक रंगांचे तिचे पट्टे, बाभळीची चौकट आणि तपकिरी कातडे एकत्र किती शोभतील याची कल्पना आपण करू शकता. घोंगडी टोचते, म्हणून ती बैठकीला न लावता पाठीच्या किंवा हातांच्या बाहेरच्या बाजूला लावावी. मोकळ्या उशांसाठी सोलापुरी चादरीचे जाड जॅकार्ड विणकाम घेता येईल, त्यातील भौमितिक आकृत्या या शैलीशी सहज जुळतात. माझ्या मते तर रानगुलाबाची जागाही आपल्या नक्षीने घ्यावी. कमळ आहे, आंब्याची कोयरी आहे, देवळांच्या खांबांवरील वेली आहेत. वायोमिंगचे फूल अकलूजच्या शेतघरात का कोरायचे?

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरी वळणाच्या चपला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मांडल्या आणि त्या कुठल्या हे सांगितले नाही, तेव्हा आपल्या सर्वांना वाईट वाटले होते, आणि ते योग्यच होते. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळाले त्यात आपला सोलापूर जिल्हाही आहे. मग आपण जेव्हा शेरिडनची नक्षी कोरू, तेव्हा ती कोठून आली हे ग्राहकाला सांगणे आपले कर्तव्य ठरते. ती नक्षीदेखील मेक्सिकोतील गुराख्यांच्या खोगिरांमार्फत स्पेनहून अमेरिकेत गेलेली आहे.

ठसेकाम :

नक्षीच्या उगमाविषयी आपण जे लिहिले ते पूर्णपणे पटते. कमळ आणि कोयरीविषयी मात्र थोडा मतभेद नोंदवतो. आपली नक्षी जरूर यावी, पण ग्राहकाने मागितलेले काम आधी त्याच्या मूळ व्याकरणात शुद्ध करता आले पाहिजे. शेरिडन वेलीत देठ कोणत्या बाजूने दबतो, पाकळी पुढच्या पाकळीखाली कशी जाते आणि मोकळी जागा किती ठेवतात, हे हातात बसले की कमळाची वेल त्याच शिस्तीने कोरता येते. ते न करता पाश्चात्त्य ठशांनी कोयरी उठवली तर ती धड इकडची दिसत नाही, धड तिकडची. घोंगडीची सूचना मला फार आवडली.

विजापूर वेस :

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. कातड्याची कड पाहून आणि व्हिनेगरचा थेंब टाकून परीक्षा केली. मऊ कातडे क्रोमचेच निघाले. घोंगडीचा विचार ग्राहकांना सांगितला, त्यांना तो पसंत पडला आणि त्यांनी रानगुलाबाची नक्षीही तशीच राहू द्यावी असे सांगितले. आता त्यांची आणखी एक मागणी आहे. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर मधोमध घराचे नाव देवनागरीत कोरायचे आहे. इंग्रजी अक्षरांचे साचे मिळतात, देवनागरीसाठी काय करावे? आणि चारही पाठींची छटा एकसारखी कशी येईल?

ठसेकाम :

देवनागरीसाठी साचा शोधू नका, हाताने काढा. अक्षरांची बाह्यरेषा चाकूने कापून बाहेरच्या बाजूने बेव्हलर फिरवला की अक्षर वर उचललेले दिसते. शिरोरेखा एकच रेघ म्हणून कापू नये. तिला वरची आणि खालची अशा दोन समांतर कडा द्याव्यात आणि अक्षराचा दांडा जेथे तिला मिळतो तेथे खालची कड तोडावी, म्हणजे दोन्ही मिळून एकच उठावदार पट्टी होते. अडचण येते ती ब, भ, क्ष अशा अक्षरांच्या आतल्या लहान पोकळ्यांची. तेथे बेव्हलरचे तोंड मावत नाही आणि कातडे चेपून अक्षर बुजते, म्हणून अक्षराची उंची निदान ३ सेंटिमीटर ठेवावी आणि पोकळ्या टोकदार ठशाने दाबाव्यात. नक्षी कागदावरून उतरवताना मध्ये ट्रेसिंग फिल्म ठेवून संपलेल्या बॉलपेनने गिरवावे. कागद ओल्या कातड्यावर थेट ठेवला तर फाटतो आणि शाई उतरते.

छटा एकसारखी हवी असेल तर चारही पाठी एकाच कातड्यातून, शेजारी शेजारी कापाव्यात. कोरून वाळल्यावर नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेल्या तेलाचा) पातळ हात सर्वांवर एकाच वेळी द्यावा आणि चारही एकत्र उन्हात ठेवाव्यात. व्हेज टॅन उन्हाने तांबूस होते आणि आपल्याकडच्या उन्हाला त्यासाठी फार वेळ लागत नाही, म्हणून मधून मधून पाहत राहावे. हवी ती छटा आली की उचलून, नक्षीच्या खोलगट भागात गडद रंग बसवण्याआधी वर संरक्षक लॅकर द्यावा, नाहीतर तो रंग सगळीकडे सारखाच शोषला जाऊन उठाव झाकतो.

सागवान आणि बाभूळ :

दराविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. कातडे, लाकूड, फोम, खिळे, तेल, दोरा यांचा खर्च वाया जाणाऱ्या भागासह काढावा आणि कोरीव कामाची मजुरी त्यात न मिसळता वेगळी, तासांवर लावावी. एक लहान तुकडा कोरताना घड्याळ लावून बघावे आणि त्यावरून पूर्ण पाठीचा वेळ काढावा. पुष्कळ कारागीर साहित्याच्या किमतीवर ठरावीक टक्के चढवून दर सांगतात. तसे केल्यास साधी पाठ आणि कोरलेली पाठ यांत जेमतेम फरक राहतो आणि दिवसभराची मेहनत फुकट जाते. आपले चपलांचे काम ज्या भावात मोजले जाते त्या भावात हे काम मोजू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. साहित्याची पूर्ण रक्कम आगाऊ घ्यावी. काम सुरू करण्याआधी वीतभर फळीवर नक्षी, रंग, दोन-चार खिळे आणि घोंगडीचा तुकडा लावून नमुना करावा, त्याच्या मागे ग्राहकाची सही घ्यावी आणि खुर्च्या पोहोचेपर्यंत तो आपल्याकडेच ठेवावा. छटेवरून किंवा खिळ्यांच्या अंतरावरून वाद निघालाच तर तो त्या फळीवर मिटवता येतो.